अम्मींसाठी कोणती बाटली?



गेल्या रमजान ईदच्या आठ-नऊ दिवस आधी धाकटा भाऊ शारजाहून सुट्टीवर आला. कोकणातल्या आपल्या घरांमध्ये आखातातून आलेली बॅग उघडण्याचा कार्यक्रम कसा असतो, हे मी वेगळे सांगायला नको. इफ्तार आणि मगरिबची नमाज झाली की सगळी बच्चेकंपनी बॅगेभोवती बसते. दुधाची पावडर निघते, खजुराचे डबे निघतात, बदाम-पिस्ते, चॉकलेटे, कोणाचे घड्याळ, कोणाचा चार्जर. या वेळी सगळ्यात शेवटी टॉवेलमध्ये गुंडाळलेले दोन खोके निघाले. दोन्ही परफ्यूमचे.

"एक अम्मींसाठी, एक बाजीसाठी," भाऊ म्हणाला. "दोन्ही गोड वासाचे आहेत, व्हॅनिलाचे. आधी अम्मींनी पसंत करायचा. उरेल तो बाजीचा."

अम्मी भिंतीला टेकून तसबीह ओढत बसल्या होत्या. त्यांनी खोक्यांकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "मला कशाला आता? पोरींना द्या," एवढेच म्हणाल्या.

शेजारी फुफी बसल्या होत्या. अब्बांच्या थोरल्या बहीण. त्यांनी तर सरळच सांगितले, "भाबीला सेंट? बेवा बाईच्या अंगाला वास आला तर लोक काय म्हणतील?"

खोली एकदम गप्प झाली. भावाने खोके पुन्हा टॉवेलवर ठेवले.

अब्बांना जाऊन तेव्हा तेरा महिने झाले होते. अब्बा अत्तराचे शौकीन होते. उन्हाळ्यात खस, थंडीत हिना किंवा शमामा. कापसाचा फाया कानाच्या पाळीमागे ठेवल्याशिवाय ते जुम्याला घराबाहेर पडत नसत. आणि निघता निघता अत्तराचे तेच बोट अम्मींच्या मनगटाला पुसून जात. आम्हा मुलांना ते इतके सवयीचे होते की त्यात काही विशेष आहे असे कधी वाटले नाही. अब्बा गेले आणि अत्तरदाणी कपाटात गेली. इद्दत संपली. त्यानंतरही आठ महिने गेले. अत्तरदाणी कपाटातच राहिली.

फुफींना त्या वेळी मी काही बोलले नाही. थोरल्यांना सगळ्यांदेखत उलट बोलणे आमच्या घरात चालत नाही. पण तरावीहनंतर झोप येईना. मी शिक्षिका आहे. वर्गात मुले चुकली तर पुस्तक उघडून दाखवते. मग घरात का नाही?

दुसऱ्या दिवशी सहरी आटोपल्यावर, अम्मी आणि फुफी दोघीच असताना, मी विषय काढला. सूरह बकराच्या २३४ व्या आयतीत पती वारलेल्या स्त्रीसाठी चार महिने दहा दिवसांची मुदत सांगितली आहे. ती गर्भवती असेल तर बाळंत होईपर्यंत. या काळात सुगंध, सुरमा, शृंगार यांपासून दूर राहायचे असते. पण ही मुदत आहे. मुदत म्हणजे ज्याला शेवट असतो ते.

मग मी त्यांना हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांची गोष्ट सांगितली. बुखारी शरीफमध्ये ती आली आहे. त्यांचे वडील अबू सुफियान वारले. तीन दिवस झाल्यावर त्यांनी पिवळसर रंगाचे सुगंधी द्रव्य मागवले आणि स्वतःच्या गालांना लावले. वर असेही सांगितले की मला सुगंधाची काही गरज नव्हती, पण प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडून मी ऐकले आहे की पतीखेरीज कोणाचाही शोक तीन दिवसांपेक्षा जास्त करू नये आणि पतीचा चार महिने दहा दिवस. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांनीही भावाच्या निधनानंतर असेच केले होते. विचार करा, मनात दुःख असताना, लावायची इच्छा नसताना त्या सुगंध लावतात. का? तर शोकाची हद्द लोकांना दिसावी म्हणून.

फुफी ऐकत होत्या. "आमच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही," एवढेच बोलल्या आणि कुरआन शरीफ घेऊन खिडकीशी जाऊन बसल्या. अम्मी काहीच बोलल्या नाहीत. पण थोड्या वेळाने म्हणाल्या, "बघू तर, कसला वास आहे."

इथून खरी पंचाईत सुरू झाली. कारण बाटल्या दोन आणि दोन्ही व्हॅनिलाच्या.

व्हॅनिला म्हटले की आपल्याला आइस्क्रीम आठवते, केकमध्ये टाकायच्या इसेन्सची छोटी बाटली आठवते. पण ही एका वेलीची शेंग आहे. ऑर्किडच्या जातीची वेल, मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. युरोपच्या लोकांनी ती आपल्या वसाहतींत नेऊन लावली. वेल वाढे, फुले येत, पण शेंग धरत नसे, कारण तिथल्या किड्यांकडून त्या फुलाचे परागीकरण होत नव्हते. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातला पातळ पडदा बारीक काडीने उचलून अंगठ्याने परागकण दाबण्याची युक्ती काढली. आजही मादागास्करपासून आपल्या केरळ-कर्नाटकापर्यंत व्हॅनिलाचे फूल हातानेच फळवतात. फूल एकच दिवस उमलते, त्यामुळे रोज सकाळी वेलींमधून फिरावे लागते. ज्या मुलाने जगाला हे शिकवले तो १८८० मध्ये गरिबीतच वारला. शाळेत मी ही गोष्ट सांगते तेव्हा मुले हमखास विचारतात, "मॅडम, त्याला पैसे नाही मिळाले?" नाही मिळाले, बाळांनो.

हिरव्या शेंगेला वास नसतो. ती गरम करून, घाम आणून, उन्हात आणि सावलीत कित्येक महिने सुकवली की मग काळपट होते आणि तो गोड वास सुटतो. त्या वासाचा मुख्य घटक म्हणजे व्हॅनिलिन. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज बाजारातले बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यातलेच असते. पुढे त्याचा एक भाऊ निघाला, इथाइल व्हॅनिलिन. हा दोन ते चार पट तीव्र. १९२५ मध्ये पॅरिसच्या जाक गेर्लां यांनी व्हॅनिलाचा भरपूर वापर करून एक परफ्यूम आणला आणि त्याचे नाव ठेवले 'शालिमार'. होय, आपल्या मोगल बादशहांच्या शालिमार बागेवरूनच. मग १९९२ मध्ये 'एंजल' नावाचा परफ्यूम आला. त्यात जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांसारखा गोडवा देणारे रसायन वापरले होते. तेव्हापासून मिठाईसारख्या वासाच्या परफ्यूमची लाटच आली. आखातातल्या कंपन्यांनीही हा गोडवा उचलला. त्यात खजूर, ऊद, कस्तुरी मिसळली आणि सर्वसाधारण घरांना परवडतील अशा बाटल्या बाजारात आणल्या. आमच्या घरी आलेल्या दोन बाटल्या त्यातल्याच. दोन्ही अमिरातीतल्या लत्ताफा कंपनीच्या. एकीचे नाव 'खमरा', दुसरीचे 'यारा'.

खमराची बाटली जाड कातीव काचेची, आतला रंग मधासारखा. वरवर दालचिनी आणि जायफळ, मग खजूर आणि साखरेत घोळवलेल्या सुक्या मेव्यासारखा वास, आणि तळाशी व्हॅनिला, टोन्का नावाचे सुगंधी बी, लोबान, बोळ. याराची बाटली गुलाबी. संत्र्याची किंचित झुळूक, फुले, दुधाळ गोडवा, आणि तळाशी व्हॅनिला, चंदन, मस्क.

बाटली बघूनच घरात दोन पक्ष पडले. भाऊ, मी आणि भाभी खमराच्या बाजूने. आमचे म्हणणे, अम्मींच्या वयाला हाच शोभतो. भारदस्त, उबदार, खजुराचा. यारा म्हणजे कॉलेजच्या मुलींचा. माझी लेक मात्र याराला चिकटली. ती तर म्हणाली, "मामू, नाव तरी बघायचं! खम्र म्हणजे अरबीत दारू ना? नानी काय लावणार, खमरा?" भाऊ हसत म्हणाला, "नाव कंपनीने ठेवलंय, बेटा. आत तर खजूर आणि दालचिनी आहे."

नावावरून आठवले म्हणून अल्कोहोलचा मुद्दाही सांगून टाकते, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. स्प्रेच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असते. यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. अनेक उलमांचे म्हणणे असे की द्राक्षे किंवा खजुरापासून न बनलेले आणि पिण्यासाठी नसलेले अल्कोहोल अंगाला किंवा कपड्याला लागले तर हरकत नाही. काही जण खबरदारी म्हणून टाळायला सांगतात. अम्मींनी भावाकरवी इमामसाहेबांना विचारून घेतले, त्यांनी परवानगी दिली, मगच बाटलीला हात लावला. ज्यांच्या मनाला खटकते त्यांनी तेलातले अत्तर घ्यावे. व्हॅनिलाच्या वासाचे तेलातले अत्तरही आता मोहम्मद अली रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत मिळते. या प्रश्नावरून एकमेकांच्या नमाजीवर बोट ठेवू नये, एवढेच माझे सांगणे.

आता निवड कशी करायची? दुकानात आपण काय करतो? झाकण उघडतो, नाक लावतो, पाच-सहा बाटल्या भराभर हुंगतो आणि 'हा द्या' म्हणून मोकळे होतो. व्हॅनिलाच्या बाबतीत ही पद्धत हमखास फसवते. परफ्यूममधले हलके घटक, म्हणजे संत्रे-लिंबू किंवा काही मसाले, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उडून जातात. मग मधला थर येतो, फुलांचा-फळांचा. तो काही तास टिकतो. व्हॅनिलिन, लोबान, चंदन, मस्क हे जड घटक. ते हळूहळू उडतात, म्हणून शेवटी तेच उरतात. म्हणजे ज्या व्हॅनिलासाठी आपण बाटली घेतो, त्याची खरी ओळख आपल्याला घरी आल्यावर होते. लग्नासाठी मुलगा पाहायला गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळेच गोड बोलतात, तसेच हे.

म्हणून मी घरात शाळेसारखे वेळापत्रक लावले. रोजा असताना सुगंध लावायला मनाई नाही, पण उपाशीपोटी गोड वास डोक्यात जातो, असे अम्मींचे म्हणणे. तेव्हा इफ्तारनंतरची वेळ ठरली. पहिल्या दिवशी वहीच्या कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, एकेकीवर एकेक फवारा मारला, पाठीमागे पेन्सिलीने खूण केली आणि दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या. कागदावर ज्याचा वास आवडत नाही तो अंगावर आवडेल अशी आशा ठेवायची नाही. कागदाच्या परीक्षेत दोन्ही बाटल्या पास झाल्या.

दुसऱ्या दिवशी अम्मींच्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन्हींचा अगदी थोडा अंश लावून चोवीस तास ठेवला. वयाप्रमाणे त्यांची कातडी पातळ आणि कोरडी झाली आहे, आणि दालचिनीच्या घटकांमुळे काहींना खाज किंवा लाली येते. ही खबरदारी सगळ्यांनीच घ्यावी. काही झाले नाही. अल्हम्दुलिल्लाह.

तिसऱ्या दिवशी खमरा. उजव्या मनगटावर एक फवारा. मनगट मनगटावर घासायचे नाही, आपोआप वाळू द्यायचे. अम्मींनी हात नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हा तर ईदच्या सकाळचा वास आहे. शिरखुर्म्याचा." आम्ही खमरावाले एकमेकांकडे बघून हसलो. निकाल लागलाच म्हणायचा. भाऊ तर दुसरी बाटली माझ्या पर्समध्ये टाकायला निघाला होता.

मीच म्हटले, थांब. तरावीह होऊ दे.

तरावीहनंतर अम्मी न्हाणीघरात होत्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मी जाऊन बघितले तर त्या मनगट साबणाने धूत होत्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला पाहून म्हणाल्या, "मघाशी गोड होता. आता त्यात लोबान आलाय." थोडे थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी घरभर हाच होता."

मला एकदम सगळे दिसले. जनाजा घरात होता त्या सकाळी कोणीतरी कोपऱ्यात लोबान लावला होता आणि दिवसभर तो धूर घरातून गेला नव्हता. परफ्यूमच्या खोक्यावर लोबान आहे हे मला माहीत होते. मी तो शब्द वाचला होता, लेकीला समजावूनही सांगितला होता. पण त्या शब्दाचा अम्मींशी काय संबंध आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. बाटलीचा काही दोष नाही. तोच वास हजारो घरांमध्ये ईदचा वास असेल, कोणाच्या लग्नाचा असेल. अम्मींच्या नाकासाठी तो त्या सकाळचा होता. पहिल्या पाच मिनिटांवर निकाल दिला असता तर बाटली अम्मींच्या कपाटात गेली असती. मुलाने प्रेमाने आणली म्हणून त्यांनी ती लावली असती आणि दर वेळी दोन तासांनी मुकाट्याने धुतली असती. आणि आम्ही म्हटले असते, अम्मींना सेंट आवडतच नाही.

मी टॉवेल दिला. आम्ही दोघी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलो. तेरा महिन्यांत पहिल्यांदा अम्मी अब्बांविषयी स्वतःहून बोलल्या. ते काय बोलल्या हे इथे लिहीत नाही, ते आमचे आहे.

चौथ्या दिवशी यारा. लेकीने मोठ्या थाटात आपल्या नानीच्या डाव्या मनगटावर फवारा मारला. अम्मींनी हुंगले आणि चक्क हसल्या. "म्हातारीचे केस! मला म्हातारीला म्हातारीचे केस लावताय होय?" पहिली दहा मिनिटे खरोखरच तो फार गोड, फार पोरकट वाटला. भाऊ म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." पण या वेळी कोणीच घाई केली नाही. तासाभराने संत्रे आणि तो पहिला साखरेचा झोत गेला. तरावीहनंतर अम्मींनी स्वतःच मनगट पुढे केले. व्हॅनिला होता, पण खाण्याचा वाटत नव्हता. मऊ, दुधाळ, पावडरीसारखा. "लहान बाळाला आंघोळ घालून पावडर लावली की असा वास येतो," अम्मी म्हणाल्या. "तुम्हा दोघांना घेऊन बसायचे तेव्हाचा." सहरीला उठलो तेव्हाही त्यांच्या ओढणीला तो अगदी हलकेच येत होता.

"हा असू दे मला," त्या म्हणाल्या. तेरा महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू.

आम्ही सगळ्यांनी ठरवले होते की वयस्कर बाईला भारदस्त वास शोभतो. कोणी ठरवले? आम्ही. त्यांना विचारले होते का? नाही. फुफी म्हणाल्या होत्या बेवा बाईला सेंट कशाला, आणि आम्ही त्यांच्यावर मनातून रागावलो होतो. पण 'अम्मींच्या वयाला हेच शोभते' म्हणताना आम्हीही तेच करत होतो, फक्त जरा गोड आवाजात. ही गोष्ट मला त्या रात्री खटकली आणि आजही खटकते.

आता वापराविषयी चार गोष्टी, ज्या मी अम्मींच्या निमित्ताने घरात लावून दिल्या.

व्हॅनिलिन असलेला परफ्यूम काळाबरोबर गडद, तपकिरी होत जातो आणि पांढऱ्या कपड्यावर डाग पाडू शकतो. अम्मी पांढरी ओढणी घेतात, म्हणून कपड्यावर न मारता मनगटावर आणि मानेच्या मागच्या बाजूला लावायचा. बाटलीतला रंग गडद झाला म्हणजे माल खराब झाला असे समजून लगेच फेकू नये, आधी वास बघावा.

कोरड्या कातडीवर सुगंध टिकत नाही. आधी बिनवासाची क्रीम किंवा व्हॅसलिनचे बोट फिरवावे, मग फवारा मारावा.

कोकणातल्या दमट उन्हाळ्यात गोड वास दुप्पट चढतो. थंडीत जो परफ्यूम तीन फवारे मागतो, त्याला एप्रिल-मे महिन्यात एक पुरतो. वयाबरोबर वास येण्याची शक्तीही कमी होते, त्यामुळे वडीलधाऱ्यांना 'वास येतच नाही' असे वाटून ते जास्त लावतात. मोजून दोन फवारे, बस्स. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नये. ऊन आणि ओल तिची शत्रू. कपाटात, खोक्यातच ठेवावी.

आणि आपला वास दुसऱ्याला त्रास होऊ नये. मी एकदा गोड सेंट लावून वर्गात गेले तेव्हा पहिल्या बाकावरच्या, दम्याचा त्रास असलेल्या मुलीला खोकल्याची उबळ आली. तेव्हापासून शाळेत लावत नाही. बाहेर परक्या लोकांत जाताना स्त्रीने दरवळणारा सुगंध लावू नये, अशी हदीसमध्ये ताकीद आहेच. ती पाळूनही घरात, आपल्या माणसांत, स्वतःच्या समाधानासाठी सुगंध लावायला आपल्याला पुरेपूर जागा आहे. ती जागा आपण भगिनी वापरत नाही. ईदला सगळ्यांचे कपडे इस्त्री करतो, सगळ्यांना अत्तर लावतो आणि स्वतः कांदा-लसणाच्या वासानिशी सलाम घ्यायला उभ्या राहतो.

ईदची सकाळ उजाडली. पुरुषमंडळी नमाजेला गेली. अम्मींनी गुसल केला, नवे कपडे घातले, आणि कपाट उघडले. आधी त्यांनी अब्बांची अत्तरदाणी बाहेर काढली, पुसली आणि भावाच्या मुलाला, म्हणजे आपल्या नातवाला बोलावून त्याच्या कानामागे खसचा फाया ठेवला. मग गुलाबी बाटली घेतली. दोन फवारे, मोजून.

फुफी शिरखुर्म्याच्या वाट्या मांडत होत्या. त्यांच्या लक्षात आले. मी मनात म्हटले, आता काहीतरी बोलतील. त्या जवळ आल्या, अम्मींच्या खांद्याशी जराशा वाकल्या. "हाच का तो?" त्यांनी विचारले.

अम्मींनी मला नुकतीच सांगितलेली गोष्ट त्यांना ऐकवली, की कोणी सुगंध पुढे केला तर नाकारू नये, वजनाला हलका असतो आणि वास चांगला असतो, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. आणि बाटली पुढे केली.

फुफी एकवीस वर्षांपासून बेवा आहेत. फुफा गेले तेव्हा मी डी.एड. करत होते. त्यांच्या हातात बांगडी किंवा केसांत गजरा मी त्यानंतर कधी पाहिला नाही, आणि कधी विचारलेही नाही. मला वाटायचे, त्यांना आवडत नसेल.

त्यांनी वाटी खाली ठेवली, ओढणीला हात पुसले, आणि मनगट पुढे केले. "थोडाच," म्हणाल्या.

खमरा माझ्याकडे आहे. थंडीत लावीन, इन्शाअल्लाह, आणि अम्मींकडे जाताना लावणार नाही.

तुमच्या घरात असे एखादे कपाट बंद असेल तर या ईदला उघडून बघा. आणि काही आणायचे असेल तर ज्याच्यासाठी आणायचे त्यालाच आधी विचारा, घाई न करता. अल्लाह आपल्या सर्व घरांमधल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य आणि समाधान देवो, आणि जे गेले त्यांची मगफिरत करो. आमीन.